पाठींतील अदृश्य अग्नि

(धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त, रुग्णांच्या दिवशीं, चर्चच्या सभागृहांत फादर विगार यांनीं केलेलें भाषण)



जुबिलीच्या वर्षीं आपण पूर्वजांचें स्मरण करितों, चर्चच्या भिंती कोणीं उभारल्या तें मुलांस सांगतों, आणि देवाचे उपकार मानतों. हें सर्व योग्यच आहे. परंतु आजचा दिवस रुग्णांचा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीं १९९२ सालीं ठरवून दिल्यापासून ११ फेब्रुवारी, म्हणजे लूर्द मातेच्या सणाचा दिवस, सर्व ख्रिस्तसभेंत रुग्णांसाठीं पाळला जातो. म्हणून आज ज्या दुखण्यानें आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक घरांत कोणी ना कोणी कण्हत असतें, त्या पाठीच्या दुखण्याविषयीं चार शब्द बोलावे असें मीं योजिलें आहे. धर्मगुरूनें आत्म्याविषयीं बोलावें, कण्याविषयीं डॉक्टरांनीं बोलावें, असें कित्येकांस वाटेल. त्यांस माझें उत्तर एवढेंच कीं, ह्या दुखण्यासंबंधानें आपल्या घरांत जें बोललें जातें, त्यांत कित्येकदां पाप घडतें. आणि पापाविषयीं बोलणें हें तर माझें कर्तव्यच आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत एका स्त्रीची हकीकत आहे. अठरा वर्षें ती कंबरेंत वांकलेली होती. तिला कांहीं केल्या सरळ उभें राहतां येत नसे. शब्बाथ दिवशीं सभास्थानांत प्रभूनें तिला पाहिलें. तिनें कांहीं मागितलें नव्हतें. प्रभूनेंच तिला जवळ बोलाविलें, तिच्यावर हात ठेविले, आणि ती सरळ उभी राहून देवाचें गौरव करूं लागली. सभास्थानाचा अधिकारी मात्र रागावला. बरें होण्यासाठीं आठवड्याचे दुसरे सहा दिवस आहेत, असें तो लोकांस बजावूं लागला. तेव्हां प्रभूनें त्यास विचारिलें कीं, शब्बाथ दिवशीं तुम्ही आपला बैल किंवा गाढव पाण्यावर नेण्यासाठीं सोडतां, तर मग अब्राहामाच्या ह्या कन्येस तिच्या बंधनांतून सोडवूं नये काय? ह्या कथेंतील एका गोष्टीकडे मी तुमचें लक्ष वेधूं इच्छितों. प्रभूनें त्या बाईपाशीं पुरावा मागितला नाहीं. तुझें दुखणें खरें कशावरून, असा प्रश्न त्याच्या मुखांतून निघाला नाहीं.

आपण मात्र तो प्रश्न नित्य विचारतों. आजारी माणसांस पवित्र कम्युनियन देण्यासाठीं मी घरोघरीं जातों, तेव्हां एक प्रकार मला वारंवार दिसतो. सून अंथरुणाला खिळलेली असते. उठतां बसतां तिच्या डोळ्यांत पाणी येतें. इकडे माजघरांत सासूबाई मला हळूच सांगतात, “फादर, फोटो काढला, त्यांत कांहींच आलें नाहीं. आतां तुम्हीच काय तें समजा.” कधीं सुनेच्या जागीं सासू असते, कधीं कारखान्यांतून घरीं बसलेला मुलगा असतो, बोलणें तेंच. फोटोंत कांहीं नाहीं, म्हणजे पाठींत कांहीं नाहीं. पाठींत कांहीं नाहीं, म्हणजे हें सोंग आहे. हा निवाडा इतक्या झटपट होतो कीं, आपण एका माणसाची अब्रू घेतली हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. आजचें माझें सारें सांगणें ह्या निवाड्याविरुद्ध आहे. तो दयेच्या दृष्टीनें तर चुकीचा आहेच. परंतु शास्त्राच्या दृष्टीनेंहि तो चुकीचा आहे, हें मला दाखवावयाचें आहे.

प्रथम ह्या दुखण्याचा विस्तार पाहा. २०२० सालीं सर्व जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे; आणि माणसास अपंगावस्थेंत दिवस काढावयास लावणाऱ्या सर्व व्याधींत हिचा क्रमांक पहिला लागतो. आपल्या साष्टींत ही कांहीं नवी पाहुणी नाहीं. मरोळ, कोंडिविटें, चकाला ह्या गांवांतून जेथें आज कारखाने, कचेऱ्या व मेट्रोचे खांब उभे आहेत, तेथें आपल्या आजोबांची भातशेती होती. आषाढांत गुडघाभर चिखलांत ओणवें राहून लावणी करणाऱ्या बायांस संध्याकाळीं कंबर सरळ करितां येत नसे. आतां शेतें गेलीं. परंतु पाठीचे भोग गेले नाहींत. पहांटे नळाच्या पाण्याचे हंडे उचलावे, अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनावर गर्दींत स्वतःस लोटून द्यावें, तासभर एका पायावर उभें राहावें, आणि पुढें आठ तास संगणकासमोर वांकून बसावें, असा आजचा क्रम आहे. उसण भरणें, लचकणें, कंबर धरणें, चमक निघणें, असे ह्या दुखण्याला आपल्या भाषेंत किती तरी शब्द आहेत! ज्या गोष्टीला इतके शब्द लागतात, ती लोकांनीं पुष्कळ भोगलेली असली पाहिजे.

आतां पाठीची रचना थोडक्यांत सांगतों. आपला कणा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा झालेला आहे. मणक्यामणक्यामध्यें एकेक गादी असते. तिचें बाहेरचें कडें चिवट तंतूंच्या अनेक वेष्टनांचें असतें, आणि आंत मऊ गर असतो. मणक्यांच्या मधल्या पोकळींतून मज्जारज्जु खालीं उतरतो, आणि त्याच्यापासून दोन्ही बाजूंस मिळून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. कंबरेच्या व त्याखालच्या मज्जातंतूंपासून एक जाड नस तयार होऊन ती कुल्ल्यांतून मांडीच्या मागच्या बाजूनें पायांत जाते. ह्या नसेच्या मुळाशीं कांहीं बिघडलें, म्हणजे कळ कंबरेंतून निघून थेट पोटरीपर्यंत व पावलापर्यंत जाते. आयुर्वेदांत ह्या व्याधीस गृध्रसी म्हणतात. हल्लीं सर्वजण सायटिका म्हणतात. हें दुखणें नसेचें आहे, सांध्याचें नव्हे, ही गोष्ट नेपल्सचा वैद्य डोमेनिको कोतुन्यो ह्यानें १७६४ सालीं एक ग्रंथ लिहून मांडिली.

पण नसेला होतें तरी काय? ह्या प्रश्नाचें उत्तर १९३४ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या मिक्स्टर व बार ह्या दोन डॉक्टरांनीं दिलें. त्यांनीं दाखविलें कीं, गादीचें कडें फाटून आंतला गर बाहेर येतो व नसेच्या मुळावर दाब पडतो. तो तुकडा काढून टाकिला म्हणजे रोग्यास आराम पडतो. “गादी सरकली, नस दबली,” हें जें आपण आज म्हणतों, त्याचें मूळ ह्या शोधांत आहे. उत्तर सोपें होतें, डोळ्यांस पटणारें होतें, आणि बऱ्याच अंशीं खरेंहि होतें.

तथापि कांहीं गोष्टी ह्या उत्तरांत बसेनात. पहिली ही कीं, साध्या एक्स-रे फोटोंत हाडें दिसतात. गादी व नस दिसत नाहींत. म्हणून फोटो निर्मळ आला तर त्याचा अर्थ हाडें बरीक ठीक आहेत इतकाच. पुढें एम.आर.आय. यंत्र निघालें, त्यांत गादीहि दिसूं लागली. तेव्हां एक नवलच उघडकीस आलें. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत, ज्यांची पाठ मुळींच दुखत नव्हती अशा ९८ माणसांचे कणे ह्या यंत्रानें पाहण्यांत आले. त्यांपैकीं शेंकडा ५२ जणांत निदान एक तरी गादी फुगलेली होती, आणि शेंकडा २७ जणांत ती एके ठिकाणीं पुढें आलेली होती. हीं माणसें तर खुशाल हिंडत फिरत होतीं! उलट, कित्येक रोग्यांची गादी थोडीशीच सरकलेली, आणि वेदना मात्र असह्य. अर्थात् चित्र आणि वेदना ह्यांचा मेळ बसत नव्हता. दाबावांचून आणखी कांहीं तरी आंत घडत असलें पाहिजे, हें स्पष्ट झालें.

तें काय, ह्याचा सुगावा आधींच लागलेला होता. १९५८ सालीं स्मिथ व राइट नांवाच्या डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यांच्या नसांच्या मुळांस बारीक दोरे बांधून त्यांचीं टोकें बाहेर ठेविलीं, व रोगी सावध झाल्यावर ते दोरे हलक्या हातानें ओढून पाहिले. जी नस पूर्वींपासून दुखावलेली होती, तिला किंचित् ओढ बसतांच नेहमींची कळ पायांत उतरली. निरोगी नसेला तशीच ओढ दिली तर तसें झालें नाहीं. ह्यावरून असें दिसतें कीं, नुसता दाब किंवा ताण पुरेसा नाहीं. नस आधीं चिडलेली असली पाहिजे. तिला चिडवितें कोण?

उत्तर समजण्यासाठीं क्षणभर आपल्या स्वयंपाकघरांत चला. सणासुदीला मटण लवकर शिजावें म्हणून आपल्या घरच्या बाया त्याला कच्च्या पपईचा गर चोळून ठेवितात. चूल पेटविण्यापूर्वींच मांस मऊ पडूं लागतें. हें काम पपईंतील एक द्रव्य करितें. असल्या द्रव्यांस शास्त्रांत विकरें म्हणतात. डॉक्टर लोक एन्झाइम म्हणतात. विकर हा एक विलक्षण कारागीर आहे. तो पदार्थ तोडतो, जोडतो, बदलतो, आणि स्वतः मात्र खर्च न होतां पुढच्या कामास लागतो. म्हणून त्याची चिमूटभर मात्रा पुष्कळ काम करिते. आपल्या पोटांत अन्न पचतें तें विकरांमुळें. देवानें आपल्या शरीरांत असे हजारों मुके कारागीर कामाला लाविले आहेत.

त्यांपैकीं एका विकराचें नांव फॉस्फोलायपेज ए-टू असें आहे. नांव अवघड आहे, पण काम समजण्याजोगें आहे. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या भोंवतीं स्निग्ध पदार्थाची पातळ भिंत असते. हें विकर त्या भिंतींतून एक आम्ल कापून मोकळें करितें. त्या आम्लावर दुसरीं विकरें काम करितात व प्रोस्टाग्लांडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. हीं द्रव्यें म्हणजे शरीरांतील धोक्याची घंटा होय. तीं निर्माण झालीं कीं त्या भागाकडे रक्त धांव घेतें, सूज येते, आणि नसांचीं टोकें इतकीं हळवीं होतात कीं, एरव्हीं जो स्पर्श जाणवलाहि नसता तो आगीसारखा लागतो. ह्या अवस्थेलाच आपण दाह म्हणतों.

ह्या विकराचे भाऊबंद आणखी कोठें सांपडतात, हें ऐकाल तर आश्चर्य वाटेल. नागाच्या व घोणशीच्या विषांत तें आहे. मधमाशीच्या डंखांत आहे. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचें नांव तुम्हांस ठाऊक आहेच. १८९९ सालीं प्लेगच्या संशोधनासाठीं ती जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत सुरू झाली, आणि १९२५ सालीं तिला हाफकिन ह्यांचें नांव मिळालें. तेथें विसाव्या शतकांत वर्षानुवर्षें घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील प्रतिविष तयार होत असे. ज्या विषावर तो उतारा केला जाई, त्याच्या घटकांपैकीं एक आणि आपल्या शरीरांत दाह उठविणारें हें विकर, हीं एकाच कुळांतील आहेत. सापाच्या दाढेंत तें मारण्यासाठीं आहे. आपल्या शरीरांत तें राखणदारासाठीं आहे.

१९९० सालीं साल, फ्रॅन्सन व त्यांचे सहकारी ह्यांनीं, रोग्यांच्या पाठींतून शस्त्रक्रियेनें काढिलेल्या गादीच्या तुकड्यांची परीक्षा केली. त्यांत ह्याच विकराचा जोर अतिशय मोठा आढळला. तीन वर्षांनीं स्वीडन देशांतील ओल्मार्कर व त्यांचे सोबती ह्यांनीं डुकरांवर प्रयोग केला. त्यांनीं नसेवर कसलाहि दाब दिला नाहीं. त्याच जनावराच्या गादींतला गर काढून नसांच्या मुळांवर नुसता ठेवून दिला. थोड्याच दिवसांत त्या नसांची संदेश वाहून नेण्याची गति मंदावली. ज्यांच्या नसांवर गराऐवजीं नुसती चरबी ठेविली होती, त्यांस असें झालें नाहीं. आपला स्वतःचाच गर, पण तो गादीचें कडें सोडून भलत्या ठिकाणीं गेला, म्हणजे नसेला जाळतो, ही गोष्ट अशा रीतीनें सिद्ध झाली. गादीच्या आंतल्या भागास रक्तवाहिन्या नसतात. म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांनीं तो गर कधीं पाहिलेलाच नसतो. तो बाहेर येतांच ते त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडतात, आणि ह्या लढाईंत शेजारची नस होरपळते.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें प्राप्त आहे. हें एकच विकर सर्व पाठदुखीचें मूळ, असें कोणीं समजूं नये. पुढें झालेल्या सर्व तपासण्यांत त्याचें प्रमाण सारखेंच आढळलें असें नाहीं. आणि दाह उठविणारीं दुसरींहि द्रव्यें शास्त्रज्ञांनीं शोधून काढिलीं आहेत. त्यांतील एकेकास अडविणारीं औषधें देऊन पाहिलीं, तेव्हां फळ संमिश्र आलें. शिवाय ज्या पाठदुखींत पायांत कळ जात नाहीं, अशा बहुतेक साध्या दुखण्यांत नेमकें कोणतें स्थान बिघडलें हें सांगतांच येत नाहीं. झोंप, काळजी, कामाचा भार ह्यांचाहि त्यांत हात असतो. परंतु आपल्या प्रश्नापुरतें एवढें निश्चित झालें आहे: एक्स-रेंत जिची खूण उमटत नाहीं अशी आग नसेपाशीं खरोखर पेटलेली असूं शकते, आणि ती सोसणारा माणूस खोटें बोलत नसतो.

ही आग विझवावयाची कशी? ह्या बाबतींत एका धर्मोपदेशकाचें नांव घेण्यास मला संतोष वाटतो. रेव्हरंड एडवर्ड स्टोन हे इंग्लंडच्या चर्चचे एक पाद्री. त्यांनीं १७६३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहून कळविलें कीं, वाळुंज जातीच्या झाडाची साल वाळवून केलेलें चूर्ण मीं सुमारें ५० तापकऱ्यांस दिलें व त्यांस गुण आला. त्या सालींतील द्रव्याच्या अभ्यासांतून पुढें ॲस्पिरिन निघालें. तें वेदना कशी शमवितें हें मात्र दोनशें वर्षें कोणास उमगलें नाहीं. १९७१ सालीं जॉन व्हेन ह्यांनीं दाखविलें कीं, प्रोस्टाग्लांडिन तयार करणाऱ्या विकराचा हातच ॲस्पिरिन धरून ठेवितें. ह्या कामाबद्दल १९८२ सालीं त्यांस दुसऱ्या दोघां शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालें. कोर्टिसोनच्या जातीचीं औषधें त्याच्याहि अलीकडच्या पायरीवर दाह अडवितात. म्हणून कधीं कधीं डॉक्टर तीं सुईनें नसेच्या मुळाजवळ देतात. त्यांनीं कित्येकांस कांहीं आठवडे आराम पडतो, सर्वांसच पडतो असें नाहीं. पपईंतलेंच एक विकर सुईनें गादींत घालून ती विरघळविण्याचा उपायहि १९६४ पासून पुष्कळ वर्षें चालला. पण कित्येकांस त्याची भयंकर बाधा होई, म्हणून तो मागें पडला.

वेदनाशामक गोळ्यांविषयीं मात्र मला कडक बोलावें लागतें. त्या शेजाऱ्याच्या सल्ल्यानें, महिनोन्महिने, उपाशी पोटीं खाऊं नका. त्यांनीं पोटांत व्रण पडतात, आणि मूत्रपिंडें बिघडतात. ह्यांतलीच डायक्लोफेनॅक ही गोळी गुरांस दिली जात असे, आणि अशा मेलेल्या गुरांचें मांस खाऊन आपल्या देशांतलीं गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन इतकीं मेलीं कीं, २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं तें औषध बंद केलें. गृध्रसी हें नांव ज्या गृध्रावरून पडलें, त्याचाच नाश त्या दुखण्याच्या गोळीनें व्हावा, हा विचार करण्याजोगा योग आहे. माणसाचें शरीर गिधाडापेक्षां ती गोळी पुष्कळ अधिक सोसतें. तरी तिला मर्यादा आहे, आणि ती डॉक्टरांनींच ठरवावी.

आतां सर्वांत आशेची गोष्ट सांगतों. जो दाह नसेला पोळतो, तोच पुष्कळदां तिला सोडवितोहि. गादीबाहेर पडलेल्या तुकड्याभोंवतीं शरीराचे पहारेकरी जमतात, विकरांच्या योगें त्याला कुरतडून खातात, आणि कांहीं महिन्यांत तो तुकडा लहान होतो किंवा अजिबात नाहींसा होतो. ह्यामुळें सायटिकेच्या बहुसंख्य रोग्यांस शस्त्रक्रियेवांचून, बहुधा दीड ते तीन महिन्यांच्या आंत, बराच आराम पडतो. देवाच्या योजनेंत घाव आणि मलम कधीं कधीं एकाच हातांतून येतात. ह्या काळांत रोग्यास तीन गोष्टी हव्यात: धीर, बेताची हालचाल, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारीं माणसें.

हालचाल म्हटल्यावर कित्येकजण दचकतील. पूर्वीं डॉक्टरहि पंधरा पंधरा दिवस फळीवर निजावयास सांगत. १९९५ सालीं हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ नोकरांवर ह्याची परीक्षा झाली. ज्यांस दोन दिवस अंथरुणांत ठेविलें आणि ज्यांस पाठीचे खास व्यायाम दिले, त्या दोघांपेक्षां, झेपेल तेवढें नित्याचें काम करीत राहिलेले लोक लवकर बरे झाले. म्हणून दुखणेकऱ्यानें घरांतल्या घरांत चालावें. फार वेळ एका जागीं बसूं नये. ओझें उचलूं नये. शेक घेण्यास हरकत नाहीं. परंतु पायाळू माणसास बोलावून उसण भरलेल्या पाठीवर त्याची लाथ मारून घेणें, हा जो प्रकार अजूनहि गांवठाणांतून चालतो, तो सोडून द्या. त्यांत श्रद्धा नाहीं. आणि चिडलेल्या नसेवर लाथ बसणें म्हणजे काय, हें आतां तुम्हांस समजलें आहे.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं, त्यांत एक दिवसहि दवडूं नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणें, दोन्ही मांड्यांमधला बसण्याचा भाग बधिर होणें, पायांतली शक्ति जाणें, अशीं चिन्हें दिसतांच त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्रीं निजल्यावरहि दुखणें थांबत नसेल, तर डॉक्टरांस अवश्य सांगावें. आपल्या मुंबईंत मणक्याचा क्षय कांहीं दुर्मिळ नाहीं, आणि वेळीं औषध घेतलें तर तो बरा होतो.

आतां धर्माच्या दृष्टीनें दोन गोष्टी सांगून आपलें भाषण आटोपतों. आपल्यांतील कित्येक भाविक मंडळी, विशेषतः वृद्ध माता, वेदना मुकाट्यानें सोसणें हाच ख्रिस्ती धर्म असें समजून औषधच घेत नाहींत. त्यांचा हेतु पवित्र आहे. प्रभूच्या क्रूसाशीं आपलें दुःख जोडणें ही मोठी कृपा आहे, ह्यांत संशय नाहीं. परंतु पोप बारावे पायस ह्यांनीं २४ फेब्रुवारी १९५७ रोजीं वेदनाशमनाच्या शास्त्रांतील डॉक्टरांपुढें भाषण करून हा प्रश्न निकालांत काढिला आहे. वेदना कमी करणारें औषध घेण्यास ख्रिस्ती माणसास नैतिक आडकाठी नाहीं, हीच त्यांची शिकवण आहे. औषध घेऊनहि जें दुःख शिल्लक उरतें, तेंच अर्पण करावयास पुरेसें असतें. तसेंच मिस्साच्या वेळीं ज्यांस गुडघे टेकवत नाहींत, त्यांनीं मनांत अपराधी वाटून घेऊं नये. प्रकृति साथ देत नसेल त्यांस गुडघे टेकण्यांतून ख्रिस्तसभेच्या नियमांतच सूट आहे. त्यांनीं आदरानें मस्तक लववावें. आणि त्यांच्या मागच्या बांकावरच्यांनीं त्यांच्याकडे टवकारून पाहूं नये.

दुसरी गोष्ट निरोग्यांसाठीं आहे. आठवी आज्ञा म्हणजे केवळ न्यायालयांत खोटी साक्ष न देणें नव्हे. पुरेशा आधारावांचून शेजाऱ्याच्या माथीं दोष मारणें, हाहि त्याच आज्ञेचा भंग आहे. “तिला कांहीं झालेलें नाहीं,” हें वाक्य आपण कशाच्या आधारावर बोलतों? एका फोटोच्या, ज्यांत नस दिसतच नाहीं! ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. त्यांनीं तोंड उघडून त्याच्या दुःखाचा न्याय करण्यास आरंभ केला, तेव्हां ते त्याचे छळक बनले. आपल्यांतील कोणीं खरोखरच सोंग करीत असेल, तर त्याचा हिशेब देवाकडे आहे. एखाद्या सोंगाड्याला आपण फुकट चहा दिला, तर आपलें फारसें कांहीं बिघडत नाहीं. पण एका खऱ्या दुखणेकऱ्यास आपण सोंगाडी ठरविलें, तर त्याच्या पाठीवरच्या क्रूसावर आपण आपलाहि भार टाकितों. कुरेनेच्या शिमोनानें तर प्रभूच्या खांद्यावरचा भार घेतला होता.

तर जुबिलीच्या ह्या वर्षीं आपण एक लहानसें व्रत घेऊं या. चर्चला नवा रंग दिला, घंटा चढविली, हें उत्तम झालें. त्याबरोबरच प्रत्येक वाड्यांतून, प्रत्येक इमारतींतून, जो कोणी पाठ धरून बसला असेल, त्याचा हंडा भरून देणारा, त्याची बाजाराची पिशवी वर नेऊन देणारा, त्याच्याबरोबर रोज चार पावलें चालणारा एक तरी शेजारी निघो. संत विन्सेंट डी पॉल मंडळाच्या बांधवांनीं अशा दुखणेकऱ्यांची यादी करण्याचें मनावर घेतलें, तर रविवारच्या मिस्सासाठीं त्यांस आणण्याचीहि सोय होईल. पाठीला टेंका असलेल्या खुर्च्यांची एक ओळ मी त्यांच्यासाठीं राखून ठेवीन. आणि घरांत कोणी कण्हलें, तर पहिला प्रश्न “फोटोंत काय आलें?” हा न विचारतां, “कोठें दुखतें? मी काय करूं?” असा विचारा.

जिनें कालवारी डोंगरावर क्रूसाखालीं उभें राहून पुत्राचें दुःख पाहिलें, ती लूर्दची माता आपल्या धर्मग्रामांतील सर्व रुग्णांवर आपली छाया धरो, आणि आपणां निरोग्यांस दयाळू डोळे देवो, एवढीच माझी प्रार्थना आहे.